आणखी एक पत्ता

"भंगारवाल्याला बोलावून टाकतो, जावईबापू. उगाच तुमची खोली अडवलीय," सासरे म्हणाले.

जावई टेबलाखाली शिरून वायर ओढत होता. "थांबा हो बाबा, जरा बघू द्या."

कोपऱ्यात सासऱ्यांचं पितळी पाट्या कोरायचं यंत्र होतं. ते लेकीकडे राहायला आले, त्यांच्यामागून तेही आलं, आल्यापासून मुकंच. कोरायची अक्षरं त्याला कॉम्प्युटरकडून लागत, आणि कॉम्प्युटरला ते नेटवर्कवरच्या एकाच ठरलेल्या पत्त्यावर शोधायचं. त्या पत्त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. यंत्रावरची पत्ता बदलायची बटणं तर केव्हाच गेली होती.

"हट्टी आहे," सासरे ओशाळून म्हणाले.

"असू दे. आपण त्याच्या कलाने घेऊ."

जावयाने स्वतःच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तो जुना पत्ता टाकला. यंत्राचा दिवा हिरवा झाला. त्याच क्षणी जावयाचं इंटरनेट गेलं आणि ऑफिसचं काम स्क्रीनवर अर्धवट लटकलं.

सासऱ्यांनी यंत्राचा प्लग काढला. "राहू द्या. माझ्यापायी तुमचं काम अडायला नको." या घरात ते पंखासुद्धा विचारून लावत.

"बाबा, त्याला करू दे ना," लेक दारातून म्हणाली.

"चूक माझी आहे," जावई म्हणाला. "तुमचा पत्ता घालताना मी माझा काढून टाकला. काढायची गरजच नव्हती. एका कॉम्प्युटरला दोन पत्ते चालतात."

"दोन्हीकडचं ऐकतो तो?"

"अजिबात न कुरकुरता."

त्याने आपला पत्ता परत लिहिला आणि त्याच्याखाली यंत्राचा जोडला. इंटरनेट आलं. मग त्याने स्वतः उठून प्लग लावला. दिवा हिरवा झाला. इंटरनेट गेलं नाही.

सासऱ्यांनी पितळेचा तुकडा यंत्रात आवळून बसवला. जावयाने कॉम्प्युटरवरून अक्षरं पाठवली. कोरायचं टोक खाली आलं, खर्रर्र आवाज झाला, आणि पहिल्या अक्षराभोवती पिवळाधमक कीस साचू लागला. सासरे चष्मा सावरत त्यावर वाकले.

"अरे, बघत काय उभा राहिलास?" मान वर न करता ते ओरडले. "ब्रश दे इकडे, लवकर!"

लेकीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर बसून, सासऱ्यांच्या अवजारांच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून ब्रश शोधत होता.