डोंबलाचा संदर्भ

ऑनलाइन ज्ञानकोशातल्या गावाच्या लेखात ‘मनोऱ्यावरचं घड्याळ चालू आहे’ हे वाक्य खोडून तिने ‘कायमचं बंद पडलं आहे’ असं लिहिलं. त्याला किल्ली देणारा तिचा नवराच वर्षभर अंथरुणाला खिळलेला. तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लगेच एका जुन्या संपादकाने आधीचं वाक्य परत आणलं. “ताई, स्वतः पाहिलेलं इथे चालत नाही. छापील संदर्भ द्या.”

“डोंबलाचा संदर्भ!” ती चरफडली. पण नियम तो नियम. तिने ते वाक्य मुकाट्याने राहू दिलं.

तेवढ्यात मनोऱ्यावर टोले पडले.

तिने खुंटीकडे पाहिलं. किल्ली जागेवरच होती, पण झुलत होती.

आतून नवऱ्याचा खणखणीत आवाज आला, “अगं, चहा टाक. जिने चढून पार दमलो.”