ठेवलेला नारळ

“नारळ हातात घे, बाबली. आणि देवीसमोर बोल.”

विश्रामचा आवाज देवळात जरा मोठाच निघाला. सातेरीदेवीपुढे बारा-पंधरा माणसं जमली होती. बाबली मिस्त्री हात धुऊन आला होता, तरी नखांतलं काळं ऑइल गेलं नव्हतं. ह्याच हातांनी विश्रामची सदुसष्ट सालची अ‍ॅम्बेसेडर अठरा वर्षं चालती ठेवली होती. विश्राम मालवण-कुडाळ टॅक्सी चालवायचा, आणि बाबलीची शेड त्याच्या घराला लागूनच. दोघांची लग्नं एकाच मांडवात झालेली. बांगडे कुणाच्याही घरी तळले, तरी जेवायला दोन्ही घरं बसायची. एवढ्या वर्षांत दोघांमध्ये काही आलं नव्हतं. आता आला होता तो एक आवाज.

महिन्यापूर्वी बाबलीने गाडीचे पुढचे ब्रेक नवे बसवले. ब्रेकचे सुटे भाग कोल्हापुराहून आले ते खोक्यात नव्हे, वर्तमानपत्रात गुंडाळून. तेव्हा विश्रामने त्याकडे लक्षही दिलं नाही. स्वारी खुशीत होती. काम आटोपताच त्याने डाव्या चाकाला हळदकुंकू वाहिलं. “अरे, दगडार फोड!” असं बाबली म्हणेपर्यंत ह्याने नारळ चाकाच्या नटांवरच फोडलासुद्धा. खोबऱ्याचा मोठा तुकडा बाबलीच्या तोंडात कोंबला, चाकाचे नट झाकणारी चकचकीत वाटी स्वतःच तळहाताने ठोकून बसवली आणि निघाला.

दुसऱ्याच वळणावर आवाज सुरू झाला. खड, खड, खड. गाडी वेगात असली की सगळं गप्प. ब्रेकवर पाय ठेवला, गाडी मंदावली, की पुन्हा खड-खड. मागे बसलेल्या मास्तरांनी लगेच निदान केलं. “नवे ब्रेक आणि आवाज? तुझ्या मित्राने जुनाच माल घातला असणार.” विश्रामला ते वर्तमानपत्र आठवलं. संशयाला घर करायला तेवढी जागा पुष्कळ झाली.

“चाक खोलून बघतंय, दोन मिनटा थांब,” बाबली म्हणाला होता. विश्राम थांबला नाही. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला, “तुज्या हातात आता माजी गाडी दिवचंय नाय!” हां हां म्हणता गोष्ट पसरली. बाकीचे टॅक्सीवालेही बाबलीची शेड टाळून पुढे जाऊ लागले. बाबली तीनदा घरी आला, एकदा चाक खोलू दे म्हणून. तिन्ही वेळा विश्रामने त्याला दारातूनच परत धाडलं. शेवटी हे शपथेचं विश्रामनेच काढलं.

बाबलीने नारळ उचलून कपाळाला लावला.

“माजा काम खोटा आसात, तर ह्ये माजे हात झडंदेत.”

त्याने नारळ देवीपुढे ठेवला. “भांडाण मिटला की ठेवलेलो नारळ दोघांनी मिळान उचलूचो लागता,” गुरव म्हणाला. “ध्यानात ठेवा.” बाबली कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. हा माणूस देवीलाही भीत नाही, असं विश्रामला वाटलं.

चार दिवसांनी त्याने गाडी कुडाळच्या एका गॅरेजात नेली. तिथला म्हातारा मिस्त्री गाडी आत येताना कान देऊन उभा होता. त्याने जॅक लावला नाही की चाक खोललं नाही. स्क्रूड्रायव्हरने डाव्या चाकाची वाटी तेवढी उचकटली. काहीतरी टणकन खाली पडलं.

“ह्यो बघ तुजो आवाज. गाडी पळता तेवा कडेक चिकटान रवता, हळू झाली की पडता. ब्रेकचो काय संबंध?” मग त्याने गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक दोनदा दाबून पाहिले. “ब्रेक कोणी बसवले रे? हात बरो आसा त्येचो.”

विश्रामने खाली वाकून तो तुकडा उचलला. करवंटीचा होता. एका कडेला वाळलेलं खोबरं अजून धरून होतं.

काखेत कळसा म्हणतात तो असा महिनाभर त्याच्या चाकात फिरत होता. परतताना गाडीचा आवाज म्हणून नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं विश्रामला वाटलं. खऱ्या माणसाला आपण देवीपुढे उभं केलं, ह्या विचाराने वाटेत त्याला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

बाबली शेडीत एकटाच बसला होता. विश्रामने तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“चुकलंय रे, बाबल्या. चल, नारळ उचलूया.”

बाबलीने तुकडा उलटसुलट करून पाहिला. तो उठला, हात धुतले आणि देवळाकडे चालू लागला. दोघांनी मिळून नारळ उचलला. विश्रामने आता तो दगडावर फोडला, खोबऱ्याचा मोठा तुकडा काढून बाबलीपुढे धरला. बाबलीने तो हातात घेतला. तोंडात टाकला नाही.

पायऱ्या उतरताना विश्राम घाईघाईने म्हणाला, “उद्या गाडी हाडतंय. मागचे ब्रेक पण बघूचे आसत.”

बाबली खालच्या पायरीवर थांबला.

“गाडी कुडाळाकच ने, विश्राम. तुज्या गाडीर आता माजो हात थरथरतलो.”