दोरीवरचं फडकं

सुनेचं हे नवं खूळ आजींच्या डोक्यातच गेलं होतं. सुट्ट्या लागल्या तशी तिने बैठकीत दोरी बांधली, मागे दिव्यांची माळ सोडली आणि पोरांना सांगितलं, "ज्याचे आभार मानावेसे वाटतात, ते इथे टांगा." दोरीवर बाबांचा मोजा आला, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आली.

"घर आहे की भंगाराचं दुकान!" आजी करवादल्या.

त्यात आज त्यांचं तापलेली भांडी उतरवायचं फडकं गायब. जुनं, जागोजाग जळलेलं. सुनेच्या डोळ्यांत ते कायम खुपायचं. "टाकलंस ना शेवटी?" असं सुनावायला आजी तरातरा बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

फडकं दोरीच्या मधोमध होतं. जळक्या भोकाभोकांतून मागचा उजेड येत होता, चांदण्यांनी गच्च भरलेल्या आभाळासारखा. धाकटी नात खाली बसून वर बघत होती.

"आजी, मी तुलाच टांगणार होते. पण तू चिमट्यात मावत नाहीस," ती म्हणाली. "मग हे लावलं. हे भाजतं ना, म्हणून तू भाजत नाहीस."

आजी बघतच राहिल्या. इतकी वर्षं ते फडकं त्यांनी विस्तवावर धरलं होतं, उजेडात कधी धरलंच नव्हतं.

"काढू का, आई?" सुनेने भीत भीत विचारलं.

"खबरदार हात लावशील तर! मीठ किती घालायचं ते तुला अजून कळत नाही, सूनबाई. पण लेकरांना काय शिकवायचं, ते मात्र बरोब्बर कळतं."