आठ वाजताचा बिघाड

“देख लो अंकल, सब जैसा का वैसा.” नवी डिस्क बसवलेल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन विकीनं नरहरींकडे फिरवला.

नरहरींनी चष्मा पुसून पाहिलं. मागे तेच कमळाचं चित्र होतं. अक्षरं मोठी होती, बायकोला, मंदाकिनीला, लागायची तशी. नागपूरच्या लग्नाचे फोटो होते, पेन्शनचे कागद होते, पत्त्यांचा खेळही होता.

“नाव?”

“आंटी का ही रहने दिया.”

मंदाकिनीला जाऊन वर्ष व्हायचं होतं. कॉम्प्युटर उघडला की अजून तिचंच नाव यायचं, आणि नरहरींना ते तसंच हवं होतं.

बूढापारा मोहल्ल्याच्या गल्लीतलं हे दुकान एका माणसाच्या रुंदीचं होतं. स्टूल एकच. दारात कुणीतरी स्कूटर आडवी लावून गेलं होतं. विकीचं घर मूळचं भंडाऱ्याचं. त्याला मराठी सगळी समजायची, तोंडातून मात्र हिंदीच निघायची.

“अन् तो बंद पडायचा रोग?” नरहरींनी विचारलं. त्यासाठीच तर त्यांनी कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला होता. रोज रात्री आठ वाजता तो आपोआप बंद व्हायचा. कितीतरी वर्षं.

“वो निकाल दिया.”

“व्हायरस होता का?”

“व्हायरस नहीं,” विकी हसला, “आंटी थीं.”

नरहरी त्याच्याकडे बघत राहिले. विकीचं हसू ओसरलं. त्यानं जुन्या डिस्कवरची एक चौकट उघडली आणि बोट ठेवलं.

“ये देखो. रोज आठ बजे, कॉम्प्युटर बंद. बनाने वाले की जगह उन्हीं का नाम है. आंटी को ये सब आता था?”

“तिची सारी नोकरीच कॉम्प्युटरवर झाली. मी रेल्वेत गार्ड. मले पत्ते खेळण्यापलीकडे काही येत नाही.”

“तो बस. आप खाने पे उठते नहीं होगे.”

स्क्रीन काळा झाला की नरहरी चिडून बाहेर यायचे. मंदाकिनी ताट वाढत असायची. ‘पुन्हा बिघडला,’ ते सांगायचे. ‘बिघडू द्या, जेवून घ्या,’ ती म्हणायची. दुरुस्तीला नेतो म्हटलं की, ‘एवढ्याशासाठी काहून नेता?’

“एकदाही बोलली नाही पोट्टी,” नरहरी म्हणाले.

“बोलतीं तो आप उसी दिन हटवा देते.”

“हव. हटवलंच असतं.” त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “परत टाक.”

“क्या?”

“तो बिघाड. परत टाक.”

“अंकल, यहाँ लोग बनवाने आते हैं. बिगड़वाने आप पहले आए हो.” पण विकीनं माउस हातात घेतला. “पुराना सामने ही है. देखके वैसा ही बना देता हूँ, दो मिनट.”

“थांब.”

विकी थांबला.

“आठ वाजता बंद झाला की मी उठतो,” नरहरी म्हणाले. “सवय. स्वयंपाकघरात जातो, दिवा लावतो. तिथं काही नसते. मंग येऊन पुन्हा चालू करतो. दुसऱ्यांदा तो बंद नाही होत. मंग बसूनच राहतो.”

“तो नहीं डालते. झंझट खतम.”

“नाही टाकलं तर मी उठणारच नाही.”

“तो डाल देता हूँ.”

“अन् उठून जाऊ कुठं?”

विकीनं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत तिथंच ठेवला. नरहरी उठले. मोकळी हवा घ्यावी म्हणून दारापर्यंत गेले. स्कूटरच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला नाली, बाहेर पडायला वाट नव्हती. त्यांनी हँडल हलवून पाहिलं. ते लॉक होतं.

“स्कूटरवाला भैया सदर बाजार गया है, आता ही होगा,” विकी आतून म्हणाला.

“येऊन राहिला म्हणता म्हणता संध्याकाळ होईल.” ते परत येऊन स्टुलावर बसले. त्यांनी स्क्रीनवरचं कमळ पाहिलं. मग म्हणाले, “टाक.”

“पक्का?”

“टाक म्हटलं ना बाबा.”

विकी कामाला लागला. आठ. रोज. बनवणाऱ्याचं नाव तसंच. शेवटच्या ओळीवर त्याचा हात अडला. त्यानं मान न वळवता, जरा हळू आवाजात विचारलं, “अंकल, इसमें खतम होने की तारीख भी रहती है. साल भर की डाल दूँ? फिर अपने आप छूट जाएगा. आपको पता भी नहीं चलेगा.”

“तिनं कोणती टाकली होती?”

विकीनं जुन्या चौकटीत पाहिलं.

“कुछ नहीं. वो जगह उन्होंने खाली छोड़ी है.”

“मंग तू कोण टाकणारा?” नरहरी इतक्या जोरात म्हणाले, की समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.