जेलीतली भेग

"घाबरतेस काय, खडकाला दुखत नाही," तेलविहिरींवर आयुष्य काढलेले बाबा हसले. तेल काढायला जमिनीखालचा शेल खडक पाण्याच्या दाबाने कसा फोडतात, ते उद्या विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांनी जेलीचा ठोकळा केला होता. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत दाबून धरला आणि मी सिरिंजने कोकमाचं पाणी आत सोडलं. लाल भेग एका तळव्याकडून दुसऱ्याकडे पसरली.

"दाबाच्या दिशेने लांबते आणि जिकडे दाब कमी, तिकडे उघडते," ते म्हणाले. "ज्या शेलमध्ये चिकणमाती जास्त, तो मात्र सहजी तडकत नाही. मुकाट्यानं दबत राहतो. तुझ्यासारखा."

मी हसले. माहेरी येऊन महिना झाला होता. का आले, ते त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

सकाळी ते उठलेच नाहीत.

स्मशानातून माणसं परतली, तेव्हा चहासाठी दूध काढायला मी फ्रीज उघडला. रात्री ठेवलेला ठोकळा तसाच होता. आत लाल भेग, दोन्ही बाजूंना त्यांच्या तळव्यांचे ठसे. मी त्यांवर माझे तळवे ठेवले. बाहेरच्या खोलीत नवरा कुणाला तरी सांगत होता, "तेराव्यानंतर घेऊन जातो तिला."

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मला त्या घरी परत जायचं नाही."