अंबूताईंचं बालपण

रियाजाच्या खोलीचं दार उघडताच शर्मिष्ठाला ठसका लागला. आत चूल पेटवलेली होती आणि तिची नऊ वर्षांची केतकी त्या धुरात गाणं शिकवणाऱ्या बुवांसमोर खोकत खोकत षड्ज लावत होती.

"अहो बुवा, खिडक्या तरी उघडा!"

"राहू द्या, ताई. अंबूताई अशाच खोलीत गायला शिकल्या."

गायिका अंबूताई गेल्यानंतर त्यांच्या एका पेशीपासून संगीतसंस्थेने गर्भ घडवला होता आणि शर्मिष्ठाने तो पोटात वाढवला होता. केतकीची जनुकं तंतोतंत त्यांचीच होती. नाक तेच, हट्टीपणाही तोच, पण गळा नुसता गोड निघाला. अंबूताईंच्या आवाजातली ती कातर आर्तता त्यात नव्हती.

बुवा शर्मिष्ठाला बाहेर घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "जनुकं सारखी असून भागत नाही, ताई. त्यांचं बालपणही तसंच्या तसं द्यावं लागणार. धूर झाला, आता उपास, मग गोवर."

"गोवर? बुवा, माझी पोर आहे ती!"

"तेच सांगतोय." बुवांनी नजर चुकवली. "अंबूताई एवढ्याच होत्या तेव्हा त्यांची आई गेली. खाली तुमच्यासाठी संस्थेची गाडी उभी आहे. केतकीचा निरोप घेऊ नका. त्यांनाही तो मिळाला नव्हता."

 शर्मिष्ठा तशीच आत धावली आणि तिने केतकीला उचलून कडेवर घेतलं.

"अगं आई, मी काय बाळ आहे? सोड ना!"

शर्मिष्ठाने मिठी आणखी घट्ट केली आणि ती मागच्या जिन्याकडे पळत सुटली.