आधी गुरं बसली

"अथी खंदा, मॅडम," म्हणत आनंदाबाईनं काठी प्रभाकररावाच्या वावरात रोवली.

नागपूरहून आलेल्या मॅडम उत्खननासाठी जागा शोधत होत्या. समुद्रपूरकडे दगडांची जुनी वर्तुळं पुष्कळ. पण याच वावरात नांगराला राख लागते, खापरं लागतात, हे गुरांमागे फिरणाऱ्या आनंदाबाईसारख्या गवळणीलाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी तिची गाभण गाय याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, तडफडून मेली होती. तिथं टाकलेल्या कडब्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. ती जाब विचारायला गेली, तर प्रभाकरराव चारचौघांत म्हणाला, "गाव आमच्या पणज्यानं वसवलं. तुमी गवळी, आज अथी तं उद्या तथी. आमाले काऊन विचारता?"

ती परतली. विसरली मात्र नाही.

कापूस निघाला आणि खोदकाम सुरू झालं. आनंदाबाई मजुरीवर लागली. कमरेइतक्या खोलीवर राखेचे थर निघाले, हाडं निघाली, वाळून दगड झालेल्या चिखलात खुरांचे ठसे निघाले.

"तीन हजार वर्षांपूर्वीचा गोठा आहे हा!" मॅडम हरखल्या. "आधी इथं गुरं बसली. गुरांपायी माणसं थांबली. शेत, गाव, सगळं मागून आलं."

प्रभाकरराव धुऱ्यावरच उभा होता.

"यायले सांगा, मॅडम," आनंदाबाई म्हणाली. "जोरानं सांगा."

मॅडमनी सांगितलं. जमलेल्या गावानं ऐकलं. प्रभाकररावाची मान खाली गेली, ती तिनं डोळे भरून पाहिली.

वावर सरकारनं राखून ठेवलं. नांगर बंद झाला. जन्मात पहिल्यांदा प्रभाकरराव तिच्या अंगणात आला. "बाई, तुह्यं आयकते ते मॅडम. वावर सोडव माह्यं."

"माही गायबी अशीच पाहे माह्याकडं, मरताना," ती म्हणाली आणि धार काढत राहिली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पोळ्यानंतर तारेचं कुंपण आलं. सकाळी आनंदाबाई गुरं घेऊन वावरापलीकडच्या नेहमीच्या बरडावर, पडीक माळावर, निघाली. तिच्या गुरांना चरायला दुसरी जागा नव्हती. पण गोठ्याच्या खुणा वावराबाहेरही सापडल्या होत्या. तार वावर ओलांडून पुढं गेली होती, वाट कापून, सगळा बरड पोटात घेऊन, थेट नाल्यापर्यंत. गाई तारेला नाक लावून उभ्या राहिल्या.

फाटकापाशी प्रभाकरराव उभा होता. तो हसला नाही. बाजूला सरकला आणि पाटी वाचायला त्यानं तिला जागा करून दिली.

'प्राचीन गोठा. संरक्षित क्षेत्र. गुरांना सक्त मनाई.'